घरातील हवा आणि बालकांचे आरोग्य

अन्नाशिवाय मनुष्य काही आठवडे आणि पाण्याशिवाय काही दिवस तग धरू शकतो. हवेवाचून मात्र त्यास काही मिनिटांपलीकडे जगता येत नाही. प्रौढ माणूस चोवीस तासांत सुमारे 10 ते 12 हजार लिटर हवा फुप्फुसात घेतो. पाणी गढूळ असेल तर ते गाळून व उकळून घेण्याची दक्षता गृहिणी घेते. आंबलेले अन्न मुलांच्या पानात कोणी वाढत नाही. परंतु हवा डोळ्यांना दिसत नाही, ती विकत आणावी लागत नाही, म्हणून तिच्या शुद्धतेचा विचार सहसा कोणी करीत नाही.

हवा बिघडते ती शहरात, मोटारींच्या आणि कारखान्यांच्या धुराने, असा सार्वत्रिक समज आहे. खेड्यातील शिवाराची हवा मोकळी असते हे खरे. परंतु त्याच खेड्यातील लहानशा, बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात चूल पेटली की तेथील हवा शहरातील रहदारीच्या रस्त्यावरील हवेपेक्षाही अनेक पटींनी दूषित होऊ शकते. आणि दिवसाचे सर्वाधिक तास घरात कोण असते? तान्हे मूल, त्याची आई आणि घरातील वृद्ध माणसे. ज्यांची शरीरे सर्वांत नाजूक, त्यांच्याच वाट्यास ही हवा येते. प्राथमिक शाळेत येणारे बालक पहिली पाच-सहा वर्षे याच हवेत वाढलेले असते. म्हणून हा विषय शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा ठरतो.

हवा कशाने बिघडते?

स्वच्छ कोरड्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन व 21 टक्के प्राणवायू असतो. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अवघे 0.04 टक्क्यांच्या आसपास असते. उच्छ्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेत मात्र हा वायू सुमारे 4 टक्के असतो. यामुळेच बंद खोलीत पुष्कळ माणसे बसली की हवा कोंदट होते, डोके जड होते व पेंग येऊ लागते.

याहून मोठे संकट ज्वलनापासून उद्भवते. लाकूड, गोवरी, तुराटी किंवा पऱ्हाटी यांस जळताना भरपूर प्राणवायू मिळाला व जळण कोरडे असले, तर ज्वलन बरेचसे पूर्ण होते आणि धूर थोडा होतो. घरगुती चुलीत असे क्वचितच घडते. जळण ओले असते, चुलीत खच्चून भरलेले असते, राख साचलेली असते. मग ज्वलन अपुरे राहते. त्यातून दोन घातक पदार्थ निर्माण होतात: एक कार्बन मोनॉक्साइड हा वायू आणि दुसरे अतिसूक्ष्म कण.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक बळाने चिकटतो. परिणामी श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायू मिळत नाही. सूक्ष्म कणांची गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या कणांचा व्यास 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढा, ते नाकातील केसांनी व घशातील ओलाव्याने अडत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात व काही तर रक्तातही उतरतात.

भारताने 2009 साली ठरविलेल्या मानकानुसार बाहेरच्या हवेत या सूक्ष्म कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटरास 60 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ही मर्यादा 15 मायक्रोग्रॅम इतकी सुचविली आहे. चुलीवरील स्वयंपाक चालू असताना बंद स्वयंपाकघरात हे प्रमाण कित्येक शेकड्यांवर, आणि काही वेळा हजाराच्याही वर जाते.

जाणीव कशी झाली?

घरातील चुलीशेगड्यांचा धूर हा केवळ घरापुरता प्रश्न नाही, हे लंडन शहराने पूर्वीच अनुभविले आहे. 5 ते 9 डिसेंबर 1952 या पाच दिवसांत थंडीमुळे घरोघरी पेटविलेल्या दगडी कोळशाचा आणि कारखान्यांचा धूर दाट धुक्यात अडकून राहिला. त्या काळात सुमारे 4,000 माणसे नेहमीपेक्षा अधिक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज तेव्हा करण्यात आला; पुढील अभ्यासांनी तो आकडा बराच वाढविला. त्यानंतर 1956 साली ब्रिटिश संसदेने स्वच्छ हवेचा कायदा संमत केला व घरगुती धुरावरही निर्बंध घातले.

भारतातील खेड्यांच्या बाबतीत हे कार्य कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केले. गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया प्रत्यक्ष किती धूर घेतात याचे मोजमाप करून त्यांनी 1983 साली ते प्रसिद्ध केले. ज्या स्त्रिया कधी शहरात गेल्या नव्हत्या, त्यांच्या श्वासात शहरवासीयांहून कितीतरी अधिक धूर जात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात घरातील दूषित हवेमुळे जगात सुमारे 32 लाख मृत्यू घडले. त्यांपैकी 2 लाख 37 हजारांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती.

बालकांस अधिक धोका का?

जन्मानंतरही मुलाच्या फुप्फुसातील वायुकोशांची संख्या वाढत राहते. म्हणजे लहानपणी फुप्फुस हे अद्याप घडत असलेले इंद्रिय असते. शिवाय मूल मोठ्या माणसापेक्षा जलद श्वास घेते. प्रौढाचा श्वास मिनिटास 12 ते 20 वेळा चालतो, तर नवजात अर्भकाचा 40 ते 60 वेळा. वजनाच्या मानाने पाहता एकाच खोलीत बसलेल्या आईपेक्षा तिच्या मांडीवरील मुलाच्या शरीरात अधिक धूर जातो. त्यामुळे न्यूमोनियाचा धोका वाढतो. मोठेपणी याच धुरापासून जुनाट खोकला व दमछाक, हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि डोळ्यांतील मोतीबिंदू यांस वाव मिळतो. जन्मात विडी न ओढलेल्या स्त्रियांसही धाप लागते, ती पुष्कळदा चुलीमुळे.

न्यूमोनियाची पहिली खूण पालकांस ओळखता यावी म्हणून श्वास मोजण्याची रीत शिक्षकांनी त्यांस समजावून द्यावी. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेले मूल शांत असताना त्याच्या छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचा 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा अधिक असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. श्वासागणिक छाती आत ओढली जात असेल किंवा मूल अंगावर पीत नसेल, तर एक तासही थांबू नये.

चूल, धुराडे आणि गॅस

धूर कमी करण्याचे प्रयत्न आपल्या देशात नवे नाहीत. 1983 साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व तो 2002 पर्यंत चालला. धुराड्याची निर्धूर चूल पुष्कळ गावांत बसविण्यात आली; परंतु अनेक ठिकाणी ती टिकली नाही. धुराडे काजळीने तुंबले आणि ते साफ करण्याचे कोणी शिकविले नव्हते. चूल घरातील भांड्यांच्या मापाची नव्हती. मातीचे तोंड फुटल्यावर डागडुजी झाली नाही. यावरून घ्यावयाचा बोध असा की, साधन देऊन काम संपत नाही. ते वापरण्याची व राखण्याची सवय लागली पाहिजे. ज्या घरी धुराड्याची चूल आहे त्यांनी ते नियमितपणे झाडावे, त्याचे तोंड छपरापासून पुरेसे उंच ठेवावे आणि चुलीच्या भेगा वेळच्या वेळी लिंपाव्यात.

1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजनेस प्रारंभ झाला आणि गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या देण्यात आल्या. योजनेतील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबाद येथे देण्यात आली. तथापि घरी शेगडी आली म्हणून चूल विझली असे होत नाही. चहा व भाजी गॅसवर होते, पण भाकरी चुलीवर भाजली जाते आणि अंघोळीचे पाणी चुलीवर तापते. सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च हे याचे मोठे कारण आहे आणि ते समजून घेतलेच पाहिजे. अशा घरांस निदान एवढे सांगता येईल की, पाणी तापविण्याची चूल घराबाहेर परसात, आडोशाला न्यावी. ती सर्वांत अधिक वेळ जळते आणि तिच्याजवळ कोणास बसून राहावे लागत नाही. ती बाहेर गेली की घरातील धुराचा मोठा भाग बाहेर जातो.

ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांस गोबर गॅसचा मार्ग खुला आहे. सुमारे 25 किलो शेणापासून दररोज एक घनमीटर गॅस मिळू शकतो आणि दोन घनमीटरांचे संयंत्र लहान कुटुंबाच्या स्वयंपाकास पुरते. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात 1897 सालीच मैल्यापासून असा गॅस तयार करण्यात आला होता. गोवऱ्या थापून जाळल्या तर शेणातील खत राखेस मिळते; संयंत्रात घातले तर गॅसही मिळतो आणि मळीच्या रूपाने खतही शेतास मिळते.

यांपैकी काहीच शक्य नसेल तेथेही काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. पावसाळ्यापूर्वी सरपण कोरड्या जागी रचावे. ओंडके चिरून बारीक करावेत. चुलीतील राख रोज काढावी. भांड्यावर झाकण ठेवावे. डाळ-तांदूळ आधी भिजत घालावेत, म्हणजे कमी वेळात शिजतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबर किंवा रंगीत कागद चुलीत कदापि घालू नयेत; त्यांचा धूर लाकडाच्या धुराहूनही विषारी असतो. चूल फुंकताना मूल कडेवर किंवा पाठीशी नसावे.

धुराचे माप कमी झाले की आजार तात्काळ नाहीसे होतात, असे मात्र समजू नये. ग्वाटेमालामध्ये धुराड्याच्या चुली देऊन केलेल्या व 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालकांच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला आणि तीव्र न्यूमोनिया कमी आढळला. पुढे तामिळनाडूसह चार देशांत गॅस देऊन केलेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालकांच्या तीव्र न्यूमोनियात तसा स्पष्ट फरक दिसला नाही. यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाही. स्वच्छ हवेच्या जोडीला लसीकरण, आईचे दूध आणि पुरेसा आहार हेही हवे, एवढाच त्याचा अर्थ होय.

बाळंतिणीची खोली

महाराष्ट्रात अनेक घरी बाळंतिणीस सव्वा महिना आतल्या खोलीत ठेवतात. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद असते, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी असते आणि बाळास ओवा, वेखंड इत्यादींची धुरी देतात. या रीतीमागील हेतू शुद्ध आहे. बाळास ऊब हवी, बाळंतिणीस विश्रांती हवी आणि परक्या माणसांची ये-जा कमी असावी, हे घरातील आजीचे म्हणणे आजचे वैद्यकशास्त्रही मान्य करते. दोष आहे तो साधनात. बंद खोलीतील निखाऱ्यांना ज्वाळा नसते, धूरही दिसत नाही. म्हणून ते निर्धोक वाटतात. परंतु त्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो आणि माणसास झोपेतच बेशुद्ध करतो. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून शेगडी जवळ घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा दुर्घटना यामुळेच घडतात.

म्हणून शेगडी खोलीबाहेर ठेवावी व शेकण्यासाठी तापविलेले फडके किंवा गरम पाण्याची पिशवी वापरावी. बाळास लावण्यापूर्वी तिची ऊब आपल्या मनगटास लावून पाहावी. बाळास कोरडे ठेवून, टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीशी कपड्याखाली धरावे. ही ऊब निखाऱ्यांहून अधिक सुरक्षित असते. धुरी बाळाच्या अंगावर देऊ नये. वारा थेट अंगावर येणार नाही अशी बाज सरकवून वरची खिडकी उघडी ठेवावी. ही गोष्ट सांगताना सूनबाईस एकटीस न सांगता प्रथम आजीबाईंशी बोलावे. त्यांच्या अनुभवाचा मान राखून सांगितले, तर घरातील ही सुधारणा त्या स्वतःच करतील; अपमान करून सांगितले, तर खिडकी बंदच राहील.

डासांचा, उदबत्तीचा आणि विडीचा धूर

डास घालविण्यासाठी जाळण्याची वेटोळ्याची अगरबत्ती हीदेखील धूरच देते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशी एक अगरबत्ती पूर्ण जळली तर 75 ते 137 सिगारेटींएवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले. ज्या खोलीत मुले झोपतात तेथे तिच्याऐवजी मच्छरदाणी लावावी. देवापुढील उदबत्ती व धूप यांस कोणी बंदी घालावी असे नाही. उघड्या खिडकीजवळ, थोडा वेळ आणि थोड्या प्रमाणात लावल्याने भक्तीत उणेपणा येत नाही. विडी-सिगारेट मात्र घरात ओढूच नये. ओढणारा स्वतःच्या इच्छेने धूर घेतो; शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलास तशी निवड नसते.

कोरड्या केरसुणीने झाडलेली धूळ खाली बसण्यापूर्वी पुन्हा श्वासात जाते. म्हणून आधी पाण्याचा शिडकावा करावा किंवा ओल्या फडक्याने पुसावे. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात भिंतींना ओल येऊन बुरशी धरते व तिने दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. कौलांची गळती थांबविणे, ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत न घालणे आणि उघडीप मिळताच दारे-खिडक्या उघडणे हे त्यावरील उपाय होत.

खिडकीचे महत्त्व

गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा गार हवा खालून घेते. हे ध्यानात ठेवले तर घर हवेशीर करणे कठीण नाही. धूर छताखाली साचतो. म्हणून स्वयंपाकघरात भिंतीच्या वरच्या भागात झरोका हवा, व ताजी हवा आत येण्यास दार किंवा खालची खिडकी उघडी हवी. एकच खिडकी असण्यापेक्षा समोरासमोर दोन असणे चांगले. क्षयरोगाचे जंतू बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात; वाहत्या हवेने ते विरळ होतात व संसर्गाचा धोका कमी होतो. घरात कुंड्या ठेवल्याने हवा शुद्ध होते असे सांगितले जाते. झाडे शोभेस व मनाच्या प्रसन्नतेस चांगली. परंतु उघड्या खिडकीचे काम करण्यास एका चौरस मीटर जागेत किमान दहा आणि कदाचित शेकडो कुंड्या लागतील, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले आहे. कुंडीने खिडकीची जागा भरून निघत नाही.

गॅस वापरणाऱ्यांनीही खिडकी उघडी ठेवावी. गॅसच्या ज्योतीतूनही काही अपायकारक वायू निघतात. शिवाय सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण दाबू नये.

शाळेने काय करावे?

परिसर अभ्यासाच्या तासास पुढील प्रयोग सहज करता येतील.

1. कवडसा. वर्गातील एक खिडकी किलकिली ठेवून बाकीच्या बंद कराव्यात. कवडशात तरंगणारी धूळ मुलांस दाखवावी. नंतर कोरडे झाडून व पाणी शिंपडून झाडून, दोन्ही वेळचा फरक पाहण्यास सांगावे.

2. बशी. तीन पांढऱ्या बशांना व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. एक वर्गात, एक चुलीच्या स्वयंपाकघरात व एक झाडाखाली ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिन्ही शेजारी मांडून मुलांस वहीत निरीक्षण लिहावयास लावावे. बशीत दिसतात ते मोठे कण. सर्वांत घातक कण याहूनही लहान असतात, हे आवर्जून सांगावे.

3. काच. पेटत्या मेणबत्तीवर कंदिलाची काच टेकवून ठेवली, म्हणजे खालून हवा येत नाही व ज्योत मंद होऊन विझू लागते. काच दोन पेन्सिलींवर टेकविली की ज्योत पुन्हा नीट जळते. हवेस बाहेर जाण्याबरोबर आत येण्याचीही वाट हवी, हे यावरून मुलांस पटते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.

शाळेने प्रथम आपले स्वतःचे घर पाहावे. शालेय पोषण आहार ज्या खोलीत शिजतो तेथे झरोका आहे काय, धूर वर्गात शिरतो काय, आहार शिजविणाऱ्या मावशींना खोकला किंवा डोळ्यांची जळजळ होते काय, याची विचारपूस मुख्याध्यापकांनी करावी व गरज असेल तेथे शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवावा. वर्गाच्या खिडक्यांपुढे कपाटे व तक्ते रचलेले असतील तर ते हलवावेत. खडूची धूळ उडू नये म्हणून फळा ओलसर फडक्याने पुसावा.

पालकसभेत हा विषय मांडताना गरिबीस दोष देऊ नये. जेथे रोजच्या जेवणाची चिंता आहे, तेथे सिलिंडर का भरला नाही असे विचारणे योग्य नव्हे. आज ज्यास जे करता येईल ते त्याने करावे: कोणी पाण्याची चूल परसात न्यावी, कोणी झरोका पाडावा, कोणी सरपण वाळवावे, कोणी शेगडी बाळंतिणीच्या खोलीतून काढावी. सरपण आणण्याचे काम मुलींच्या वाट्यास येत असेल, तर त्यांची शाळा किती दिवस बुडते हेही पालकांपुढे मांडावे. ते काम भावानेही वाटून घेतले पाहिजे.

वर्गात वारंवार खोकणारे मूल नेहमीच निष्काळजी नसते, आणि अभ्यासात पेंगणारे मूल नेहमीच आळशी नसते. त्याच्या घरची हवा कशी आहे, हे शिक्षकाने एकदा जाऊन पाहावे. भिंतीवरील काजळी व बंद खिडकी यांवरून पुष्कळ गोष्टी कळतील आणि त्यांपैकी निदान एक तरी त्याच भेटीत सुधारता येईल.